आधी मेढ, मग वेल

स्मरणिकेसाठी लेख मागायला समितीतल्या वहिनींचा फोन आला, तेव्हा मी मागच्या अंगणात स्टुलावर उभा राहून सुतळीच्या गाठी मारत होतो. काय लिहू, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आत्ता जे करताय तेच लिहा की! प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी तुम्हाला विचारतंच, घेवड्याचा वेल कशावर चढवू म्हणून." म्हणून हा लेख. मी काही शेतीतज्ज्ञ नाही. इथे आखातात येऊन ऑफिसची नोकरी करणारा माणूस. पुढे जे लिहिलं आहे ते थोडं वाचून आणि बरंचसं चुकून शिकलेलं आहे, एवढं आधीच सांगून टाकतो.

तेव्हा सुरुवात चुकीपासूनच करू.

२०१६ च्या दसऱ्याच्या सुमारास आई रोह्याहून आमच्याकडे राहायला आली. येताना रुमालाच्या गाठीत परसातल्या घेवड्याचं बी घेऊन आली. जांभळ्या कडेच्या रुंद शेंगांचा हा वेल माझ्या आजीच्या वेळेपासून आमच्या गोठ्याच्या कुडावर चढतो. (बी परदेशी नेताना तिथले नियम बघून न्यावं, हे तेव्हा आम्हाला सुचलंसुद्धा नव्हतं. तुम्ही मात्र बघा.) व्हिलाच्या मागे तीन हात रुंदीची जमीन होती, तिथे तिने आठ-दहा दाणे टोचले. मी म्हटलं, वेल वर आले की बघू आधाराचं. वेल वर आले, हातभर झाले, एकमेकांत गुंतले, तेव्हा मी धावपळ करून चार बारीक बांबू रोवले, वर आडव्या काठ्या टाकल्या आणि त्याला मांडव म्हटलं. रोवताना दोन वेलांची मुळं तुटली, ती गोष्ट वेगळीच.

जानेवारीत आई परत गेली. वेल मांडवभर पसरला, फुलला, शेंगा धरल्या. आणि फेब्रुवारीत एका रात्री शमाल सुटला. सकाळी उठून बघतो तर मांडव मुळासकट कलंडून शेजाऱ्यांच्या भिंतीवर पडलेला. सुदैवाने तिथे कोणी नव्हतं. त्यांची मुलं रोज संध्याकाळी तिथेच खेळायची. वेल बुंध्यातून पिरगाळले गेले होते. दोन दिवसांत सगळं वाळून गेलं.

फोनवर आईला सांगितलं. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "अरे, मांडव वेलासाठी घातलास की वेल दिसला म्हणून घातलास? लग्नात आधी मुहूर्तमेढ रोवतात, मग वऱ्हाड येतं. वऱ्हाड दारात उभं राहिल्यावर कोणी खड्डे खणायला घेतं का?"

या एका वाक्यात सगळा लेख आला. तरी समितीने चार पानं दिली आहेत, तेव्हा जरा उलगडून सांगतो.

वेल चढतो कसा?

आधार निवडायचा तर वेलाला हात आहेत की नाहीत, हे आधी पाहावं. काकडी, दोडका, कारलं, मटार यांना ताणे असतात. हे ताणे स्प्रिंगसारखे आधाराला विळखा घालतात. म्हणून या वेलांना आडवी तार, जाळी, काटक्या काहीही चालतं. बोट धरायला मिळालं की झालं.

फरसबी, घेवडा, वेलीची चवळी यांना ताणे नसतात. त्यांचं अख्खं खोडच आधाराभोवती फिरत वर जातं. शेंडा हवेत गोल गोल फिरत राहतो, काही सापडतं का ते चाचपतो आणि सापडलं की त्याला वेढे घालत सुटतो. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली वेलींच्या हालचालींवर मोठा निबंध लिहिला. त्यात घड्याळ लावून बसून त्यांनी फरसबीच्या शेंड्याची एक फेरी मोजली आहे. ती सुमारे दोन तासांची भरली. म्हणजे आपण सकाळी ऑफिसला जाऊन संध्याकाळी परत येईपर्यंत शेंडा चार-पाच फेऱ्या मारून मोकळा होतो. आधार जवळ नसेल तर त्या फेऱ्या फुकट जातात आणि वेल शेजारच्या वेलाच्याच गळ्यात पडतो.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, या वेलांना उभा आधार लागतो. आडव्या तारांची शिडी केली तर ताणे असलेला मटार खुशीने चढेल, पण घेवडा पहिल्या तारेपाशी घुटमळेल. तार वरखाली दोन पुरतात, मधली सुतळी उभीच हवी.

दुसरी, आधार फार जाड नको. अंगठ्याएवढी किंवा मनगटाएवढी काठी उत्तम. जाड खांबाला कोवळ्या शेंड्याचा वेढाच पुरत नाही. तसंच आधार गुळगुळीत नको. लोखंडी किंवा प्लॅस्टिकच्या पाइपवर वेल चढतो, पण शेंगांचा भार आला की मोज्यासारखा खाली घसरतो. पाइपच वापरायचा असेल तर त्याला सुतळी गुंडाळावी.

तिसरी गंमत म्हणजे वेढ्याची दिशा. वरून पाहिलं तर फरसबी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. माझा घेवडाही तसाच फिरतो. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो त्याच्या नेमकं उलट. वाऱ्याने वेल सुटला तर पुन्हा गुंडाळताना हे लक्षात ठेवावं. उलट्या बाजूने गुंडाळलेला वेल स्वतःला सोडवून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, "कालच तर बांधला होता!"

कोणत्या शेंगेला किती आधार?

इथे आपल्या नावांचा घोळ आधी निस्तरायला हवा. मुंबई-कोकणात घेवडा म्हणजे बहुधा वालपापडीच्या जातीची रुंद शेंग. श्रावणघेवडा म्हणजे फरसबी. आणि साताऱ्याकडच्या माणसाला घेवडा म्हटलं की राजमा आठवतो. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. म्हणून कोणी प्रेमाने बी दिलं की नाव विचारू नका, "वेलीचं की झुडपाचं?" एवढं विचारा.

झुडपी जातींना आधार लागत नाही. फरसबीतली कंटेंडर, अर्का कोमल या झुडपी जाती. शेतातला आपला रायगडचा कडवा वालही तसाच. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर तो जमिनीलगत वाढतो, त्याला मांडव कोणी घालत नाही. ज्याच्या शेंगांची थंडीत पोपटी लागते आणि ज्याचं बिरडं आपण इथे आखातात बसून आठवतो, तो हाच. कुंडी लहान असेल, वारा फार असेल, घरमालक कडक असेल, तर सरळ झुडपी जात लावावी. त्यात काही कमीपणा नाही.

वेलीच्या फरसबीला, उदाहरणार्थ केंटकी वंडर, सहा ते आठ फूट उंचीचा हलका आधार पुरतो. तिचं आयुष्यच तीन-चार महिन्यांचं असतं.

लांब शेंगांची वेलीची चवळी उंचीला तेवढीच, पण शेंगा हात-दीड हात लोंबतात. आधार असा हवा की त्या मोकळ्या लटकतील. जाळीत अडकल्या की वाकड्या होतात आणि काढताना तुटतात.

परसातला घेवडा मात्र दांडगा गडी. दहा-पंधरा फूट सहज जातो, महिनोन्‌महिने टिकतो, पानांचा गच्च पडदा करतो. याला आधार उंच असण्यापेक्षा भक्कम असणं महत्त्वाचं. अबईच्या शेंगा तर वीतभराहून लांब आणि जड. त्यांना मांडवच लागतो.

इथलं हवामान आणि आपला मांडव

कोकणात मांडव पावसाच्या हिशेबाने घालतात. बहारीनमध्ये वर्षाकाठी शंभर मिलीमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. इथे हिशेब करायचा तो वाऱ्याचा, उन्हाचा आणि खाऱ्या हवेचा.

शमाल वायव्येकडून येतो. हिवाळ्यात तो आला की दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतो, आणि नेमका तोच आपला शेंगांचा हंगाम. त्याआधी कधी कधी आग्नेयेकडून कौस वाहतो. म्हणजे एकाच बाजूने टेकू देऊन भागत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. नुसत्या सुतळ्यांमधून वारा आरपार जातो, पण त्याच सुतळ्यांवर घेवडा दाट चढला की त्याचं शीड होतं. माझा मांडव डिसेंबरात उभा राहिला आणि फेब्रुवारीत पडला, त्याचं कारण हेच. बांबू तेच होते, शीड मोठं झालं होतं.

त्यात इथली जमीन रेताड. रोह्याच्या मातीत दीड फूट रोवलेली मेढ हलत नाही. इथे दोन फूट रोवली तरी हाताने हलते. म्हणून आठ फुटी काठी असेल तर दोन फूट जमिनीत, सहा फूट वर, आणि शिवाय तंबूला असतात तसे दोन्ही बाजूंना तणावे हवेतच. खुंट्या रेतीत धरत नसतील तर रंगाच्या रिकाम्या बादल्या घ्या. वीस लिटरची बादली रेतीने भरली की तीस किलोच्या आसपास वजन होतं. तणावा तिला बांधा, वाऱ्याची छाती नाही ती हलवायची.

आता ऊन. बहारीन मुंबईपेक्षा बरंच उत्तरेला आहे, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे जास्त कललेला असतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सहा फुटी ताटीची सावली उत्तरेकडे सात फूट पडते. म्हणून ताटी वाफ्याच्या उत्तर टोकाला घालावी. दक्षिणेला घातलीत तर मागची मेथी-कोथिंबीर सावलीत बसेल. ताटी दक्षिणोत्तर लांब घातली तर मात्र दोन्ही बाजूंना सकाळ-संध्याकाळ ऊन मिळतं. जागा असेल तर हेच बरं.

खाऱ्या हवेने साधी बाइंडिंग तार एका हंगामात गंजते. कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार त्यापेक्षा टिकते. शिवाय उघडी लोखंडी तार ऑक्टोबर आणि एप्रिलच्या उन्हात हाताला चटके देते, मग कोवळ्या शेंड्याला देणारच. प्लॅस्टिकच्या पट्ट्या इथल्या उन्हात ठिसूळ होऊन ऐन वेळी तुटतात. सगळ्यांत शहाणी आपली तागाची सुतळी. ती एक हंगाम टिकते, आणि आपल्याला तेवढीच हवी असते.

पाण्याबद्दल एकच सांगतो. फरसबीला खारट पाणी अजिबात सोसत नाही, चवळीला त्यामानाने बरंच सोसतं. विहिरीचं मचूळ पाणी असेल तर चवळी लावा. नाहीतर आधार उत्तम आणि वेल पिवळा, असं व्हायचं.

आधाराचे प्रकार

एकेरी काठी: एका काठीला दोन-तीन वेल. करायला सोपी, पण वाऱ्यात एकटी पडते. भिंतीच्या आडोशाला, फरसबीसाठी ठीक.

तिकटी: तीन किंवा चार काठ्या खाली दोन-अडीच फूट अंतरावर रोवून वर एकत्र बांधायच्या. प्रत्येक काठीशी दोन-तीन दाणे. वाऱ्याला ही फार चांगली, कारण वर निमुळती असल्याने वारा कापला जातो आणि एक काठी दुसरीला धरून ठेवते. मोठ्या कुंडीतही बसते. पहिल्यांदाच वेल लावणाऱ्याने डोळे झाकून तिकटी करावी.

कैची: समोरासमोर दोन रांगांच्या काठ्या वर एकमेकींना टेकवायच्या आणि वर आडवी काठी बांधायची. शाळेतल्या तंबूसारखा आकार. लांब वाफ्याला उत्तम. फक्त आतल्या बाजूला गर्दी होते, शेंगा काढायला वाकावं लागतं. आमच्या शेजारची मुलं आत घर-घर खेळतात, त्यामुळे शेंगा शोधायचं काम तीच करतात.

ताटी: महाराष्ट्रात दोडका-कारल्याचे शेतकरी वापरतात ती पद्धत. दोन भक्कम खांब, वर एक तार, खाली जमिनीपासून चार बोटं एक तार, आणि दोन्हींमध्ये उभ्या सुतळ्या. दहा फुटी ताटीला नऊ-नऊ इंचांवर चौदा सुतळ्या लागतात. गाठी धरून प्रत्येकी सात फूट, म्हणजे शंभर फूट सुतळी. एक गुंडी पुरते. माझ्या मते बहारीनच्या अंगणासाठी हीच सगळ्यांत सोयीची. वारा जरा आरपार जातो, शेंगा दोन्ही बाजूंनी काढता येतात आणि हंगाम संपला की सुतळ्या कापून वेलासकट गोळा करता येतात.

जाळी: तयार नायलॉनची जाळी झटपट लागते. पण भोक एवढं घ्या की मूठ आरपार जाईल. बारीक भोकाच्या जाळीत शेंग आत वाढते आणि बाहेर निघत नाही. आणि शेवटी वाळलेला वेल जाळीतून सोडवणं म्हणजे केसांत अडकलेलं च्युइंगगम काढण्यासारखं आहे.

मांडव: डोक्याएवढा उंच, वर आडव्या-उभ्या तारा. घेवडा आणि अबई यांची खरी जागा. खाली खुर्ची टाकून चहा पिता येतो, शेंगा वरून लोंबतात. पण चारही मेढी पक्क्या हव्यात आणि चारही कोपऱ्यांना तणावे हवेत. भाड्याच्या घरात जमीन खणायला परवानगी नसेल तर मांडवाच्या नादी लागू नका.

जिवंत आधार: कोकणात वेल शेवग्यावर, पांगाऱ्यावर सोडतात. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी मका, शेंग आणि भोपळा एकत्र लावायची पद्धत पूर्वापार चालवली. शेंग मक्यावर चढते. इथे करायचं तर मका हातभर झाल्यावरच शेंगेचं बी टोचा, आणि हलकी फरसबीच लावा. घेवडा मक्याला लोळवेल.

इथल्या मातीतला आधार: जरीद

मांडव पडल्यानंतरच्या सकाळी एक गोष्ट मला उशिरा दिसली. एक वेल वाचला होता. तो मांडवावर नव्हताच. कुंपणाच्या भिंतीला आधीच्या भाडेकरूने टेकवून ठेवलेली खजुराची एक वाळलेली झावळी होती, तिच्यावर तो आपला आपण चढला होता. रात्रभर झावळी वाऱ्यात लवली असेल, पण मोडली नाही.

खजुराच्या झावळीचा मधला दांडा म्हणजे जरीद. नारळाच्या झापांनी शाकारलेल्या घरात वाढलेल्या कोकणी माणसाला हे नवीन वाटू नये, पण मला सुचलं नव्हतं. मी बांबू विकत आणायला दुकानं पालथी घातली आणि या बेटावर हजारो वर्षं लोक ज्याच्या आधाराने राहिले ते माझ्या भिंतीला टेकलेलं होतं. पूर्वीची इथली बरस्ती घरं जरीद आणि झावळ्यांची. समुद्रात मासे अडवायचे हद्रे म्हणजे जरीद रोवून केलेली कुंपणंच. वारा आणि भरती दोन्ही सोसणारी. बहारीनच्या किल्ल्याजवळच्या करबाबाद गावाची खजुराच्या पात्यांच्या टोपल्यांसाठी ख्याती आहे. खजुराभोवतीच्या या साऱ्या ज्ञानाला युनेस्कोने २०१९ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ज्या चौदा देशांनी मिळून ते मांडलं त्यांत बहारीनही आहे.

वेलासाठी जरीद का चांगला? लांब आणि हलका, वाऱ्यात लवतो, पृष्ठभाग बांबूपेक्षा खरबरीत म्हणून वेल घसरत नाही, आणि फुकट मिळतो. बागांमध्ये झाडांची छाटणी झाली की ढीग पडलेले असतात. बागेतल्या माळीदादांना किंवा मालकांना विचारून, पूर्ण वाळलेले तेवढेच घ्यावेत. बुंध्याकडचे काटे कोयत्याने साफ करा. ते डोळ्याला लागले तर फार वाईट. हातमोजे घालाच. जमिनीत रोवलेलं टोक हंगाम-दोन हंगामांत कुजतं, तेव्हा दरवर्षी बदलायची तयारी ठेवा. सहा-सात जरीद गोल रोवून वर बांधले की झकास तिकटी होते.

त्या वाचलेल्या वेलाच्या शेंगा आम्ही खाल्ल्या नाहीत. वेलावरच वाळू दिल्या. त्यातून मूठभर बी मिळालं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

आपल्या मंडळातली बरीच कुटुंबं फ्लॅटमध्ये राहतात, म्हणून हे वेगळं. किमान बारा-पंधरा इंच खोल आणि तेवढीच रुंद कुंडी घ्या. एका कुंडीत तीन-चार फुटी लहान तिकटी करून झुडपी किंवा वेलीची फरसबी लावता येते. वेलीची लावली तर शेंडा वर पोचल्यावर खुडा, म्हणजे बाजूला फुटेल. दुसरा मार्ग म्हणजे कुंडीतल्या काठीपासून वरच्या हुकापर्यंत तिरक्या सुतळ्या.

तीन गोष्टी मात्र करू नका. कुंडी कठड्यावर किंवा बाहेरच्या बाजूला टांगू नका. शमाल कोणाच्या डोक्यावर काय टाकील सांगता येत नाही. एसीच्या पाइपला किंवा वायरला सुतळी बांधू नका. आणि भिंतीला भोक पाडण्याआधी घरमालकाला विचारा. गच्चीवर लावायचं तर इमारतीची परवानगी घ्या, आणि तिथे वारा अंगणापेक्षा कितीतरी जास्त असतो हे धरून चाला.

कधी लावायचं, कसं आवरायचं?

ऊन जरा उतरलं की, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, घेवडा आणि फरसबी. आपल्याकडे घटस्थापना ते दसरा. परसातल्या घेवड्याच्या जुन्या जाती दिवस लहान झाले की फुलतात, त्यामुळे हा मुहूर्त त्यांना नेमका मानवतो. चवळीला ऊब हवी; ती फेब्रुवारीत. एप्रिलनंतर पारा पस्तिशीपुढे गेला की फरसबीची फुलं गळतात, तेव्हा तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

दसऱ्यावरून आठवलं. इथल्या वाळवंटात एकटं उभं असलेलं 'जीवनवृक्ष' आपण सगळ्यांनी पाहुण्यांना दाखवलेलं आहे. सुमारे चारशे वर्षांचं ते झाड म्हणजे आपली शमी. आणि शमी शेंगवर्गातलीच, म्हणजे घेवड्याची लांबची आजी. पाहुण्यांना हेही सांगत जा.

दसऱ्याच्या दोन-तीन दिवस आधी मेढी, तारा, तणावे, सुतळ्या सगळं बांधून घ्या. मग उभं राहून ताटी दोन्ही हातांनी जोरात हलवा. ती हलली तर वेल चढायच्या आधी हललेली बरी. मगच प्रत्येक सुतळीशी दोन दाणे टोचा. एप्रिल-मेमध्ये वेल संपला की उपटू नका, जमिनीलगत कापा. शेंगवर्गातल्या झाडांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. मुळं तिथेच कुजली की पुढच्या भाजीला ते खत मिळतं. सुतळी आणि वेल एकत्रच कंपोस्टमध्ये टाका, आणि काठ्या सावलीत ठेवा. चांगल्या वेलाच्या दहा-बारा शेंगा मात्र बियाण्यासाठी वेलावरच वाळू द्या.

थोडक्यात

१. पहिल्यांदाच लावत असाल तर तिकटी आणि वेलीची फरसबी.

२. अंगण असेल तर ताटी. घेवड्यासाठी खांब जाड, तणावे दोन्ही बाजूंना.

३. मांडव फक्त स्वतःची किंवा परवानगीची जमीन असेल तर.

४. बाल्कनीत झुडपी जात; आधाराचा प्रश्नच नाही.

५. काहीही निवडा, पण बी टोचायच्या आधी बांधा.

आई आता नाही. २०२० साली विमानं बंद होती तेव्हा ती गेली. मला जाता आलं नाही. गावच्या घराला कुलूप आहे आणि गोठ्याचा कूड पडला, त्याबरोबर तिथला वेलही गेला. जांभळ्या कडेचा तो घेवडा आता आमच्या माहितीत इथे बहारीनमध्येच आहे, जरिदांच्या तिकटीवर. त्या एका वाचलेल्या वेलाची ही पोरंबाळं. दरवर्षी मी ते बी दोन-तीन घरांत वाटतो. एकाच अंगणात ठेवलेलं बी एका शमालात जाऊ शकतं, हे मी एकदा पाहिलं आहे.

तेव्हा ज्यांना हवं असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला भेटा. एका पुडीत दहा दाणे देईन. पैसे नकोत, द्यायचेच असतील तर मदतनिधीच्या पेटीत टाका. अट एकच. आधी तुमची ताटी किंवा तिकटी उभी झालेली मला सांगायची, मगच पुडी मिळेल.